उठायचं कधी, हे विचारणारी

सुमन गेल्याचं कळलं तेव्हा मी कळमन्याच्या बाजारात वर्षाची मिरची घेत होते. तिथं मिरचीच्या राशींमधून फिरताना कुणाच्याही डोळ्यांना धार लागते, नाकाला पदर लावल्याशिवाय उभं राहता येत नाही. फोन पल्लवीचा होता, सुमनच्या भाचीचा. "मावशी, आत्या गेली," एवढंच ती म्हणाली. मी एका रिकाम्या पोत्यावर बसले. शेजारच्या अडत्यानं पाण्याची बाटली पुढं केली. "मिरची लागली काय ताई? पहिल्यांदा आल्या वाटते," म्हणाला. मी मान हलवली. त्या गर्दीत मी पोटभर रडले आणि कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. रडायला इतकी सोयीची जागा नागपुरात दुसरी नसेल... सुमनला हे सांगितलं असतं तर तिनंच पहिल्यांदा पोट धरून हसून घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात तिच्यावर चार ओळी आल्या. प्राध्यापिका होत्या, विद्यार्थीप्रिय होत्या, दीर्घ आजारानं गेल्या. खोटं त्यात काहीच नव्हतं, तरी मला राग आला. माझ्या नाकावरच राग असतो हे घरातले सगळे सांगतील, पण या रागाला कारण होतं. विद्यापीठाच्या वाचनालयात आज संध्याकाळी मुली बसतात, त्या ज्या मुलीमुळे बसू लागल्या ती ही सुमन, हे त्या चार ओळींत नव्हतं. आणि ते का नव्हतं हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून हा लेख.

आमची ओळख मुलींच्या वसतिगृहातल्या खोलीत झाली. मी उमरेडची. वडील हातमागावर बसत, आई कांड्या भरून देई. सुमन कन्हानची, वडील कोळशाच्या खाणीत. तिचे आजोबा नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन रात्रभर चालत गावी परतले होते. घरच्या सणाची गोष्ट सांगावी तशी ती हे सांगायची, दर वेळी नव्यानं. मला सोडायला आई आली, सोबत माझी मावशीही होती. मावशीनं सुमनला आडनाव विचारलं. सुमननं ते सांगितलं. मावशीचा पुढचा प्रश्न ओठांवर यायच्या आत आईनं डबा उघडून तिळाची चटणी सुमनच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "खाऊन पाय वं माय, तिखट तं नाही झाली?" सुमननं चाटून पाहिली, नाकाडोळ्यांतून पाणी काढलं आणि अजून थोडी मागितली. त्या दिवसापासून उमरेडहून येणाऱ्या डब्यात दोघींचा वाटा असे आणि कन्हानहून येणाऱ्या सुकटीच्या चटणीतही. दर रविवारी कुणाच्या घरचं आधी संपवायचं यावरून आमचं भांडण व्हायचं.

ती माझ्यापेक्षा एक वर्ष पुढं होती. मग माझ्याच वर्गात आली, त्याची कथा ऐकण्यासारखी आहे. तेव्हा विद्यापीठात विद्यार्थी संघटनेचा चांगला जोर होता. प्रकाश आमचा नेता. कायद्याचा विद्यार्थी, आवाज असा की माइकची गरजच नाही. परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत वाढवा, गावाकडची मुलं वेळेत पोचू शकत नाहीत, या मागणीसाठी आम्ही परीक्षा विभागासमोर धरणं धरलं होतं. मुदत वाढली. पण तोवर धरणं इतकं रंगलं होतं, पोवाडे चालले होते, गावोगावच्या कॉलेजांतून पोरं येऊन मिळत होती, की उठायचं कुणाला सुचलंच नाही. आणखी दोन मागण्या जोडल्या. त्या नादात वाढवलेली मुदतही संपून गेली, आणि जे मुदतीसाठी बसले होते त्यांच्यातल्याच काहींचा फॉर्म भरायचा राहिला! सुमन त्यांतली एक. गावाकडच्या मुलांचे फॉर्म बरोबर भरले गेले आणि धरण्यावर पुढच्या ओळीत बसलेल्या या बाईचं वर्ष गेलं.

घरी हे सांगायला ती कन्हानला गेली तेव्हा मीही सोबत होते. तिच्या बाबांनी ऐकून घेतलं. खाणीतून नुकतेच आले होते, पायावर पाणी घेत होते. ओरडले नाहीत. "बसले तं बसले, पण उठाचं कधी ते कोणीच नाही ठरवलं काय वं बाई?" इतकंच त्यांनी विचारलं.  तेव्हापासून ते वाक्य सुमनचं झालं. मोर्चा असो, निवेदन असो, घेराव असो, बैठकीत सगळे तावातावानं बोलत असताना ही कोपऱ्यातून विचारणार, "उठाचं कधी गा, प्रकाशभाऊ?" काय मिळालं म्हणजे आपण घरी जायचं, ते आधी सांगा, मग मी येते. मुलं वैतागायची. लग्नाच्या बोलणीत कुणी मांडव कधी काढणार विचारावं तसं त्यांना वाटे. प्रकाश हात जोडून म्हणायचा, "माय, आधी बसू तं दे."

वाचनालयाचं प्रकरण त्याच्या पुढच्या वर्षीचं. तेव्हा आमच्या वसतिगृहाचं फाटक दिवेलागणीला बंद होत असे. वाचनालय मात्र रात्री नऊपर्यंत उघडं. एम.ए.ला लागणारी जाड पुस्तकं संदर्भ विभागात, ती बाहेर नेता येत नसत, तिथंच बसून वाचायची. दिवसा आमचे तास. संध्याकाळी आम्ही जेमतेम पुस्तक उघडून टाचण काढायला लागायचो की उठून धावत सुटायचं, कारण फाटकावर नाव लिहिलं गेलं की घरी पत्र जायचं. आणि घरी पत्र गेलं की आमच्यापैकी कितीतरी जणींचं शिक्षण तिथंच थांबायचं. आमच्या मागे त्या टेबलांवर मुलं आरामात बसलेली असत. त्यांचा काही दोष नव्हता. पण वर्गात पहिले येणारे सगळे मुलगेच का, याचं कोडं आमच्या सरांना मात्र पडलेलं असे.

सुमननं ठरवलं की फाटक बंद व्हायच्या वेळी वाचनालयाच्या पायऱ्यांसमोर, रस्त्याच्या दिव्याखाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं बसायचं आणि अभ्यास करायचा. घोषणा नाहीत, भाषणं नाहीत. "पेपर तोंडावर आहेत वं, घोषणा देत बसलो तं वाचू कधी?" हा तिचा सरळ हिशोब. आणि उठायचं कधी, तेही पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरलं. मुलींना वाचनालय बंद होईपर्यंत बसता येईल अशी नोटीस फलकावर लागली, की उठायचं. त्याच्या आधी नाही आणि त्याच्यानंतर एक क्षण नाही. माझ्या आईनं उमरेडहून सतरंज्या पाठवल्या. वडिलांना काय सांगितलं होतं कोण जाणे.

पुढं जे घडलं ते मी आजवर अनेकदा सांगितलंय, पण दर वेळी मलाच हसू येतं. एका संध्याकाळी कुलगुरू स्वतः चालत आले. सोबत शिपाई, एक-दोन अधिकारी. आणि आमच्यातल्या एकीनंही मान वर केली नाही. कारण साधं होतं. दुसऱ्या दिवशी पेपर होता. सुमन कानांत बोटं घालून, डोळे मिटून, पुढं-मागं डुलत पाठ करत होती. त्या वेळेला कॅन्टीनमधून चहा यायचा, म्हणून समोर कुणीतरी येऊन थांबलंय असं जाणवताच पुढं बसलेली एक मुलगी वहीतून डोळे न काढता म्हणाली, "तिकडं ठेवा भाऊ, नंतर पिऊ." कुलगुरू रिकाम्या हातांनी उभे! शिपायाचा चेहरा पाहण्यासारखा झाला असणार, पण तो पाहायला तरी कोण मान वर करत होतं... शेवटी ते सतरंजीच्या कडेवर बसले आणि एकीची वही हातात घेतली. संदर्भग्रंथातली पानंच्या पानं तिनं हातानं उतरवून काढली होती. ती त्यांनी बराच वेळ चाळली. "एवढं लिहिण्यापेक्षा पुस्तक का नाही वाचत?" असं त्यांनी विचारलं तेव्हा कुठं आम्हाला शुद्ध आली. पेपरवाल्यांनी 'मुलींचा मौन सत्याग्रह' असं छापलं. सुमन ते कात्रण दाखवून आयुष्यभर म्हणत राहिली, "मौन कायचं वं, तिसरं प्रकरण पाठ होऊन राहिलं होतं."

फाटकाचं सगळं ऐकून कुलगुरूंनी शब्द दिला. वसतिगृहाची समिती मात्र अडून बसली. वेळ वाढवायला हरकत नाही, पण मुली नियम मोडून फाटकाबाहेर बसल्या, तेव्हा त्यांच्या प्रमुखानं आधी लेखी माफी मागावी, मग नोटीस लागेल. माफी नाही तर नोटीस नाही, आणि खोलीही रिकामी करावी लागेल.

प्रकाश धावत आला. त्याचे डोळे चमकत होते. "सही करू नको. माफी म्हणजे हार. आता कुठं रंग भरून राहिला, उद्या सगळी कॉलेजं बंद करू," म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, त्यानं खरंच करून दाखवलं असतं. सुमननं त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "रंग तुमचा हाय प्रकाशभाऊ, पेपर आमचा. पोरींले वाचाले जागा पायजे होती, ते भेटून राहिली. आता काहून बसाचं?"

तिनं सही केली. नुसत्या सहीवर भागलं नाही. समितीच्या अध्यक्षांनी तो माफीनामा वसतिगृहाच्या व्हरांड्यात सगळ्या मुलींसमोर वाचायला लावला. खाली मुली, काही मुलं, संघटनेची मंडळी, शिपाई, स्वयंपाकघरातल्या बाया. सुमननं तो मोठ्यानं, न अडखळता वाचला. तिचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. वाचून झाल्यावर कागद त्यांच्या हातात देत तिनं विचारलं, "नोटीस किती वाजता लागन, सर?" ती लागेपर्यंत ती फलकासमोरून हलली नाही. नोटीस लागली, तिनं ती दोनदा वाचली आणि आम्हाला म्हणाली, "चला, उठा." सतरंज्या तिनंच झटकून गुंडाळल्या.

त्या दुपारी ती नळावर धुणं घेऊन बसली. धुतलेलेच कपडे पुन्हा धूत होती. मी शेजारी जाऊन बसले. एक कपडा पिळत म्हणाली, "बाबासमोर वाचाले लावलं असतं तं नसतं वाचलं मी..." आणि मग पाण्याचा आवाज मोठा करून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले.  संध्याकाळी मात्र आम्ही दोघी वाचनालयात गेलो आणि शिपाई दिवे घालवायला येईपर्यंत बसलो. त्या वर्षी मला जे गुण मिळाले, त्यावर मला पुढं नोकरी लागली आणि माझ्या मागच्या दोन बहिणींना शिकायला पाठवायला घरचे तयार झाले. हे सगळं त्या व्हरांड्यातल्या वाचनावर उभं आहे, हे मी एक दिवसही विसरलेले नाही.

संघटनेनं मात्र ते निराळ्या रीतीनं लक्षात ठेवलं. 'माफीवाली' हे नाव तिला चिकटलं. विद्यार्थी प्रतिनिधींच्या निवडणुकीत तिचं नाव कुणी घेतलं नाही. पुढं जुन्या कार्यकर्त्यांचे मेळावे झाले, आठवणींचे अंक निघाले, त्यांत वाचनालयाचं आंदोलन मोठ्या अक्षरांत असे आणि सुमन कुठंच नसे. नेत्यानं माफी मागितली ही अडचणीची गोष्ट होती ना! ती वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. आज कामठी, उद्या उमरेड, एसटीत उभ्यानं प्रवास. उमरेडला तास असला की माझ्या आईकडं जेवायची. फार उशिरा ती एका कॉलेजात कायम झाली. निकालातला घोळ, अडकलेली शिष्यवृत्ती, काही झालं की मुलं तिच्याकडं यायची. मोर्चा काढायच्या तयारीत, लालबुंद होऊन. ती आधी पोहे खाऊ घालायची आणि मग तिचा तो ठरलेला प्रश्न. मुलं चुळबुळ करत, पण कागद घेऊन बसत. त्यांतल्या बऱ्याच मुलांचं काम मोर्चा न काढताच झालेलं मी पाहिलंय, आणि न झालेलंही पाहिलंय. मग ती त्यांच्याबरोबर उन्हात उभी राहायची, डोक्याला ओढणी गुंडाळून.

गेल्या वर्षी मूत्रपिंडाचं दुखणं निघालं. आठवड्यातून काही दिवस दवाखान्यात, यंत्राला जोडलेली. मी सोबत बसायचे. शेवटच्या भेटीत मी धीर करून विचारलं, प्रकाशचा तुला राग नाही येत?  "नाही वं. त्याले वाटे आंदोलन चालू राहावं, मले वाटे संपावं. दोघंबी बरोबरच होतो," म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "फक्त माफीवाली म्हणाले नाही पायजे होतं... ते लागते जिवाले." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती हे बोलली. मी तिचा हात धरला. नर्स आली आणि आमचं बोलणं तिथंच राहिलं.

सुमनच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम वस्तीतल्या विहारात झाला. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील. हॉल भरून बाहेर मांडवापर्यंत माणसं होती. प्रकाश आला होता. आता तो नावाजलेला वकील आहे, आवाज अजून तसाच. त्याला बोलायला सांगितलं. सुंदर बोलला. कुलगुरूंचा आणि चहाचा किस्सा सांगून त्यानं सगळ्यांना रडता रडता हसवलं. "आम्ही वाचनालयाची वेळ वाढवून घेतली," असं म्हणाला. माफीचा शब्दही त्यानं काढला नाही. टाळ्या नव्हत्या, पण लोक माना हलवत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जेवणाच्या वेळी तो ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. वरणभात कालवत राहिला, घास काही घेईना. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "शोभाताई, तिनं सही नसती केली तं मी अजून तिथंच बसून राहिलो असतो."

"हे माइकवर बोलाले काय झालं होतं?" मी विचारलं.

 त्याचे डोळे भरून आले होते, आणि तेव्हा माझा राग ओसरला, पूर्ण नाही, पण बराच. म्हातारा दिसत होता तो. ताट बाजूला सारून म्हणाला, "तुम्ही लिहा. माझं नाव घालून लिहा." तर हे लिहिलं. सुमननं माफी मागितली होती. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. त्या माफीच्या बदल्यात तिनं आम्हाला जे मिळवून दिलं ते दुसऱ्या कुणीही दिलं नसतं, आणि जिला माफीवाली म्हणून हिणवलं तीच आमची खरी नेता होती.

गेल्या आठवड्यात मी संध्याकाळी विद्यापीठाच्या वाचनालयात गेले. काम काही नव्हतं. घरी करमेना, पाय तिकडं वळले. बाहेर मुलींच्या स्कूट्या एकमेकींना टेकून लावलेल्या. आत कूलर घरघरत होते आणि टेबलं भरलेली होती, निम्म्याहून जास्त मुलीच असतील. मला एक खुर्ची मिळाली. शेजारची मुलगी स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक घेऊन बसली होती, केस पेन्सिलनं वर बांधलेले. तिचा फोन थरथरला. तोंडावर हात धरून ती हळूच म्हणाली, "आई, लायब्ररीत आहो. तू जेवून घे, मी नऊनंतर येते." आणि फोन ठेवून पुन्हा वाचायला लागली. आवाजात भीती नाही, आर्जव नाही, खोटं तर मुळीच नाही. हे वाक्य आईला इतक्या सहज सांगता यावं म्हणून माझी मैत्रीण एका दुपारी व्हरांड्यात उभी राहिली होती...  तिला सगळं सांगावंसं वाटलं. पण ती वाचत होती, आणि वाचणाऱ्या मुलीला उठवायचं नाही एवढं मला कळतं.

थोड्या वेळानं तीच माझ्याकडं वळली. "काकू, तुम्ही आहा ना इथं? चहा पिऊन येते. माझी जागा पाहाल जरा?"

पाहीन म्हटलं. ती गेली. खिडकीबाहेर अंधार पडला, दिवे लागले. एक मुलगा पाठीवर बॅग घेऊन जागा शोधत आला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मॅडम, इथं कोणी आहे का?"

"आहे," मी म्हटलं. "तिची जागा आहे ती."